सटवाजीचा उलटा फेरा

फार फार वर्षांपूर्वी, मातीला माणसाचं बोलणं कळायचं तेव्हा, कासारमाळावर सटवाजी कुंभार राहत असे. हात असा की नाव ठेवायची सोय नाही! डोकं मात्र जरा तिरपागडं. एकदा त्यानं रुंद तोंडाचं मडकं घडवलं, कडेला बारा उभ्या चिरा पाडल्या, आत गेरूनं बारा पोपट काढले आणि भाजून चाकावर ठेवलं. चाक फिरलं, लोकांनी चिरांना डोळे लावले, तर बारा पोपटांचा एकच पोपट झालेला आणि तो पंख फडफडवतोय! बाया किंचाळल्याच. मग त्यानं झोका घेणारी पोर काढली, उड्या मारणारं माकड काढलं. माकड बघून पाटलाची म्हैस आटली, असं म्हणतात. खरं-खोटं म्हशीला ठाऊक.

त्या साली गावात देवी आल्या. भिवरा माळणीची एकुलती ठकू गेली, सहा वर्षांची. महिन्याभरानं भिवरा कुंभारवाड्यात आली. म्हणाली, "सटवाजीदादा, माझी ठकू ओढ्यावरून कळशी घेऊन दारात यायची ना, तेवढं एकदा दाखव. मग मी रडणार नाही."

सटवाजीच्या अंगणातच खेळलेली पोर ती. त्यानं तहानभूक विसरून मडकं केलं. पहिल्या चित्रात ठकू लांब, तिळाएवढी. बाराव्यात अगदी जवळ, हसणारी. भाजून झालं तशी त्यानं भिवराला समोर बसवलं आणि चाकाला रोजचंच वळण दिलं. पोपटाला नि झोक्याला उलट-सुलट सारखंच, म्हणून त्याला कधी शंकाच आली नव्हती. भिवराला ठकू दिसली, समोर, हसणारी. आणि आईकडे तोंड ठेवूनच ती मागं मागं गेली, लहान लहान होत दिसेनाशी झाली. पुन्हा समोर, पुन्हा गेली.

भिवरा उठली. "एकदा देवीनं नेली, एकदा तू नेलीस," एवढंच बोलली नि निघून गेली.

सटवाजीनं चिरेला डोळा लावला, तर पोर मागं मागं चाललेली. त्यानं चाक उलटं फिरवलं, तर पोर तुरुतुरु घराकडे येत होती! "भिवरा, पोर आली गं!" ओरडत तो तिच्या दारापर्यंत धावला. आतून कडी निघाली नाही. आधी एकदा स्वतः बघायचं होतं रे बाबा! पण वेळेवर अक्कल सुचली असती तर काय हवं होतं?

भिवरा मरेपर्यंत कुंभारवाड्यात फिरकली नाही. सटवाजी मात्र रोज सकाळी चाकाला उलटा फेरा देई, आणि मगच कामाला बसे. तो गेला त्या दिवशी चाक आपोआप उलटं फिरत राहिलं, असं म्हणतात. ओढ्यापासून भिवराच्या दारापर्यंत ओली, इवली पावलं उमटली. पण भिवरा कधीच गेली होती, घराला कडी होती. पावलं उंबऱ्याशी थांबली आणि वाळून गेली.

म्हणून अजूनही अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी कासारमाळावर चाकाचा पहिला फेरा उलटा देतात. कुंभार हाक मारतो, "भिवरा, पोर आली गं!" आणि त्या दिवशी अख्ख्या गावात कुणीही दाराला कडी लावत नाही.