शेवटच्या दिवसाचा चिखल

डोंगराळ मुलखातल्या एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध प्रशिक्षक राहत असत. गावातल्या मुलामुलींना ते लांब पल्ल्याचे धावणे शिकवीत. सारे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या शिष्यांत उदयन आणि संताजी हे दोघे विशेष गुणी. पहाटे दोघे एकत्र निघत, खाणीच्या वाटेने डोंगर चढत आणि एकत्रच परतत. दोघांत अधिक चांगला कोण, हे त्यांना स्वतःलाही सांगता आले नसते.

राज्याच्या संघाची निवड एका शर्यतीवरून व्हायची होती. त्या दिवशी वाट पावसाने निसरडी झाली होती. शेवटच्या उतारावर उदयन सर्वांच्या पुढे होता. मागून येणाऱ्या संताजीचा पाय घसरला, तो उदयनवर कोसळला आणि उदयनचा गुडघा पिरगळला. संताजीने शर्यत तिथेच सोडली आणि त्याला पाठीवर घेऊन खाली सरावाच्या मैदानावर आणले. पण पुढे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की चालता येईल; शर्यतीत धावणे मात्र आता नाही.

इस्पितळात नेण्यापूर्वी उदयनने पायातले बूट काढून मैदानाच्या कडेला भिरकावले होते. मास्तरांनी ते उचलले आणि मैदानावरच्या खोलीच्या ओसरीत एका फळीवर जसेच्या तसे ठेवून दिले. एका मुलीने ते नळाखाली धुवायला घेतले, तर त्यांनी तिला थांबवले. कुणी हात लावायचा नाही, एवढेच म्हणाले. कारण सांगितले नाही.

उदयन घरी पडून होता. संताजी दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा उदयनने आईकरवी झोपल्याचे सांगितले. आपल्याला पाठीवरून खाली आणल्याचे आठवले, की त्याला कृतज्ञता वाटण्याऐवजी चीडच येई. मास्तर तर एकदाही आले नाहीत. आपले बूट अजून त्याच चिखलाने माखलेले ओसरीत पडले आहेत, हे त्याच्या कानावर आले होते. धावता येईनासे झाले, तसे आपण मास्तरांच्या लेखी संपलो, असे त्याने मनाशी धरले.

काठी घेऊन हिंडता येऊ लागल्यावर त्याने शहरातल्या मामांकडे कामाला जायचे ठरवले. निघण्याच्या आदल्या दुपारी तो मास्तरांचा निरोप घ्यायला मैदानावर गेला. मास्तर ओसरीत एकटेच बसले होते. त्यांनी गुडघ्याची चौकशी केली, मामांची केली, मग उठून फळीवरचे बूट खाली घेतले. एकावर त्यांनी बोटाने टिचकी मारली.

"आता वाळलाय चिखल," ते म्हणाले.

त्यांनी गोणपाट अंथरले, दोन ब्रश आणले आणि एक बूट उदयनपुढे ठेवला. उदयनला संताप आला. हे बूट आता कोण घालणार, असे त्याने विचारले. कुणीच नाही, मास्तर शांतपणे म्हणाले. ते तुझ्या पायाच्या वळणाने बसलेत, दुसऱ्याला व्हायचे नाहीत. मग कशाला साफ करायचे, असे उदयनने विचारले. दुसऱ्या बुटाचा तळवा पायरीच्या कडेवर आपटून मास्तर चिखलाच्या खपल्या पाडू लागले.

नाइलाजाने उदयनने ब्रश उचलला. वाळलेला चिखल सहज सुटत होता. आतून निळा रंग वर आला. मग टोकाजवळचा तो ओरखडा दिसला, जो खाणीच्या वाटेवरच्या दगडाने उठला होता. त्या सकाळी तो आणि संताजी किती हसले होते! तळव्याच्या खाचांत कुसळे अडकली होती. आतले पातळ अस्तर काढून त्याने बाजूला ठेवले, लेस ओढून काढली आणि त्याचा हात थांबला. बूट निळा, पण लेस काळी होती.

तिची त्याला आठवणच राहिली नव्हती. जिल्ह्याच्या शर्यतीत, ऐन सुरुवातीपूर्वी त्याची लेस तुटली होती. संताजीने आपली काढून दिली आणि स्वतःचा बूट सुतळीने बांधून तो पळाला.

 मास्तरांनी ओल्या फडक्यावर जरासा साबण घेतला आणि बुटाची बाजू हळूहळू पुसत ते बोलू लागले.

"ओल्या चिखलाला हात लावला, की तो कापडाच्या विणीत शिरतो. म्हणून मी हे बूट धुवू दिले नाहीत. आणि म्हणूनच तुझ्याकडे आलो नाही. मी आलो असतो, तर तू संताजीविषयी बोलला असतास. जे बोलला असतास, ते नंतर तुला मागे घेता आलं नसतं." त्यांनी फडके पिळले. "हा चिखल एका दिवसाचा आहे, उदयन. बूट तीन हंगामांचे आहेत. तू जातोयस तर जा. पण जाताना एकाच दिवसाकडे बघून जाऊ नकोस."

 उदयनने लेस साबणाच्या पाण्यात बुडवून स्वच्छ चोळली, पिळली आणि दोरीवर टाकली. दोघांनी बुटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरले. उन्हात ठेवले तर लवकर वाळतील, असे उदयनला वाटले. पण उन्हाने तळव्याचा डिंक सुटतो, असे सांगून मास्तरांनी ते सावलीत ठेवले. उदयनने वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि तो बाहेर पडला.

घराकडे जाणारी वाट सोडून तो खालच्या आळीत गेला. संताजी अंगणात सायकलचे पंक्चर काढत बसला होता. उदयनला पाहून तो उठला, पण पुढे यायला धजेना. त्याचे हात काळे झाले होते आणि त्यांचे काय करावे, हे त्याला कळत नव्हते.

"उद्या सकाळच्या गाडीनं मामाकडे चाललोय," उदयन म्हणाला. "सोडायला येशील स्टँडवर?"

संताजीने होकारार्थी मान हलवली. त्याने घाईघाईने हात सदऱ्याला पुसले आणि ओट्याची पायरी चढण्यासाठी एक हात उदयनपुढे केला. उदयनने काठी भिंतीला टेकवली आणि तो हात धरला.