सोमवारपासून फळ्यावर

"सर, मी तयार झाले का?"

"नाही."

रामकली मावसकरचा चेहरा उतरला. मेळघाटातली कोरकू आदिवासी पोर, हुशार, नि हुशारीची थोडी ऐटही. उद्या पुण्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या तिच्या पीएच.डी.ची मुलाखत, आज दुपारची गाडी. घोरमाडे सर नाही म्हणाले तर गाडीत बसायचंच नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

सर मेडिकल कॉलेजातून निवृत्त झालेले. ज्यांच्या घरात कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, अशा पोरांना अमरावतीतल्या आपल्या पडवीत बसवून संशोधनासाठी घडवायचे.

"सिकलसेलचं सगळं तोंडपाठ आहे माझं. विचारा ना!"

"पोपटालाही पाठ असतं."

आता सांगा, पोर रडेल नाहीतर काय! सरांचाही जीव कळवळला. लेकीसारखी होती ती. पण त्यांनी नुसतं फळ्याकडे बोट केलं. तिथं सोमवारपासून एकच वाक्य होतं, त्यांच्याच अक्षरात.

"वाच."

"आई-वडील दोघंही सिकलसेलचे वाहक असले, की सगळी मुलं आजारीच."

"बरोबर आहे?"

रामकली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तुझे आई-बाबा?"

"दोघंही वाहक. स्वतः आजारी नाहीत."

"भाऊ?"

"आजारी."

"आणि तू?"

"मी... ठणठणीत."

"म्हणजे तुझं रक्तच सांगतंय, हे खोटं आहे म्हणून! मग इतके दिवस गप्प का गं?"

"तुम्ही लिहिलंय, सर. तुम्हाला कसं म्हणायचं? मोठ्यांची चूक काढत नाहीत आमच्यात."

"उद्याही समोर मोठेच बसणार आहेत."

सरांनी खडू तिच्या हातात दिला. मग तिनं वाक्य पुसलं आणि लिहिलं: प्रत्येक मुलाला धोका चारात एक.

"तोंडानं बोल."

"सर... तुमचं चुकलंय."

"हं." सरांनी सावकाश चहाचा घोट घेतला. "तरी मला वाटतं, तू काही तयार नाहीस."

रामकलीनं ओढणीनं डोळे पुसले.

"सर, हेही तुमचं चुकतंय."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग ते उगाच खेकसले,

"मग इथं काय करून राहिली, बाप्पा? गाडी सुटेल ना!"