खाडीत ओतलेली टरफलं

टोपल्यासुद्धा तोंड उघडून भांडायच्या, तेव्हाची ही गोष्ट. खाडीकाठी कोळंबी सोलायची एक शेड होती, आणि त्या शेडमध्ये वेताची एक टोपली होती, कायम चिडलेली.

चिडणार नाही तर काय? सोललेली कोळंबी बर्फात ऐटीत निजायची, आणि डोकी-टरफलं टोपलीच्या वाट्याला यायची. कोळंबी सोलणारी मथुराबाई ती रोज खाडीत ओतायची. पाणी काळं पडलं होतं, मासे पोट वर करून तरंगत होते.

"अगं, फेकू नको, कामाचं आहे ते!" टोपली ओरडायची.

सोलायची सुरी फणकारायची, "कामाचं ते मांस. बाकी सगळी घाण. घाण वाहणारीनं मला शिकवू नये!"

टोपलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एके दिवशी सुरी मथुराबाईच्या हातावरच घसरली. रक्त काही केल्या थांबेना. शेवटी शेडच्या मुकादमाने शहरातून आणलेली पांढरी पट्टी जखमेवर दाबून बांधली, तेव्हा कुठे ते थांबलं.

"देवासारखी धावून आलीस गं," सुरी पट्टीला म्हणाली. "कुठल्या मोठ्या घरची तू?"

"मोठ्या घरची कसली? कोळंबीच्या टरफलातलं रक्त थांबवणारं सत्त्व काढून बनवलंय मला," पट्टी म्हणाली. "ती टरफलं जिथली, त्या दुसऱ्या खाडीवर ती फेकत नाहीत."

मथुराबाईने हे ऐकलं, पण हाताला सवय पडलेली. तिने टोपली उचलली आणि पाण्याकडे निघाली.

"थांब, मथुराबाई!" टोपली कडाडली. "ओतायचंच आहे ना? मग आधी हातावरची ती पट्टी सोड, आणि पहिली तीच ओत!"