गोजीभ

फार पूर्वी एका गावात एक पाटील होता. त्याला सगळं माहीत असे. निदान गावाचा तसा समज होता, आणि पाटलाने तो फार जपला होता. कोणी काही सांगू लागलं की निम्म्यातच मान डोलवून तो म्हणे, "ठाऊक आहे."

एकदा पाटलीण आजारी पडली. छातीत धडधड होई, झोप लागत नसे, अन्न गोड लागत नसे. खळखळून हसणारी बाई दिवसभर भिंतीकडे बघत बसू लागली. पाटील घाबरून शेजारच्या गावच्या वैद्याकडे गेला. सगळं ऐकून वैद्य म्हणाला, "रोज सकाळी त्यांना गोजीभ द्या. उतार पडेल."

गोजीभ म्हणजे काय, हे पाटलाला कळलं नाही. पण ओसरीवर आणखी माणसं बसली होती. त्यांच्यादेखत विचारायचं कसं? "ठाऊक आहे," म्हणून तो उठला. वाटेत त्याने शब्द फोडून पाहिला. गो म्हणजे गाय, जीभ म्हणजे जीभ. झालं, सुटलं कोडं.

दुसऱ्या सकाळी गोठ्यातली गाय थेट माजघरात आली. पाटलाने बायकोचा हात तिच्यापुढे धरला, गाईने तो चाटला आणि पाटलीण कितीतरी दिवसांनी हसली. पाटलाला वाटलं, औषध लागू पडलं.

गावात बोभाटा झाला. पाटील करतो म्हणजे त्यात काहीतरी असणारच. मग कोणाची पाठ धरली, कोणाला पडसं झालं, कोणाची सून रुसली, की जो तो गाईपुढे उभा. गाईंच्या जिभा इतक्या दमत की चारा पुढ्यात तसाच पडून राही. दूध आटलं. गाव तेवढं लख्ख दिसू लागलं म्हणतात.

पाटलीण मात्र खंगत चालली. पाटील पुन्हा गेला, तेव्हा वैद्याने मात्रा दुप्पट करायला सांगितली. पाटलाने दुसरी गाय आणून उभी केली.

आता पाटलिणीला हातही उचलवेना. ती म्हणाली, "अहो, एकदा विचारा ना वैद्यबुवांना, हेच सांगितलं होतं का ते."

"लोक काय म्हणतील?"

"मी गेल्यावर म्हणतील, ते चालेल का?"

पाटील तसाच निघाला. काळजीपोटी गावकरीही मागोमाग आले. सगळ्यांसमोर, घाम पुसत तो म्हणाला, "बुवा, गोजीभ म्हणजे काय, ते मला ठाऊक नाही."

वैद्याने परसातून एक रोप उपटून आणलं. निळी फुलं, जाड लवेची पानं. "हात लावून बघा, गाईच्या जिभेसारखं खरखरीत. म्हणून हे नाव. तुम्ही ठाऊक आहे म्हणालात, म्हणून मी दाखवलं नाही."

कोणी हसलं नाही. मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "बरं झालं विचारलंत, पाटील. पहिल्या दिवसापासून आम्हालाही हेच विचारायचं होतं. पण वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

त्या पानांच्या काढ्याने पाटलीण हळूहळू सावरली.

तात्पर्य: न कळताच मान डोलवली, तर एकाची चूक साऱ्या गावाची होते. एकाने धीर करून विचारलं, की साऱ्यांची सुटका होते.