एका रुपयाचा निरोप

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या शिष्याने आईच्या शस्त्रक्रियेचे पैसे मोबाइलवरून पाठवले आणि ते भलत्याच बाईंच्या खात्यात जाऊन पडले.

आई परगावी रुग्णालयात होती आणि तिच्याजवळ बेबीआत्या बसली होती. संध्याकाळी पाचच्या आत अडतीस हजार रुपये भरले तरच उद्या शस्त्रक्रिया होईल, असे तिथे बजावले होते. आत्याचा नंबर टाकताना शिष्याने एक आकडा चुकवला. पडद्यावर ‘मालिनी’ असे नाव उमटले. आता आत्याचे नाव लग्नात बदललेले, आणि माहेरी मात्र जन्मभर सगळ्यांच्या तोंडी बेबीच. सासरचे नाव मालिनीच असणार, अशी स्वतःची समजूत घालून गड्याने बटण दाबले. आत्याला एक फोन करून विचारायचे काही त्याला सुचले नाही.

पैसे आले नाहीत, असे आत्याने दुपारी कळवले तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकली. बँकेने तक्रार लिहून घेतली, पण समोरच्या व्यक्तीच्या संमतीवाचून पैसे परत आणता येणार नाहीत, असेही सांगितले. मग त्याने त्या अनोळखी नंबरवर फोन लावला. पहिल्या फोनवर विनवणी केली, तिसऱ्यावर आरडाओरड, आणि पाचव्यावर पोलिसांची धमकी दिली. त्यानंतर तिकडून फोन उचलणेच बंद झाले.

तो धावतच वैद्यांच्या दवाखान्यात आला. “गुरुजी, बाई लबाड आहे. पैसे गिळून बसली. माझ्या आईचं काय होणार?”

वैद्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि ते म्हणाले, “तिला आणखी एक रुपया पाठव.”

“आणखी पैसे? तिलाच?”

“आणि सोबत लिही, मालिनीताई, घाबरू नका. मला काही परत पाठवू नका. तुमच्या बँकेत जाऊन विचारा.”

“परत पाठवू नका म्हणून लिहू? पाचला दोन तास उरलेत, गुरुजी.”

“लिही.”

त्याने लिहिले. आईची उरलीसुरली आशा आपण आपल्याच हाताने घालवली, असे वाटून त्याला रडू फुटले.

वैद्य त्याच्या शेजारी येऊन बसले. “अरे, अनोळखी माणूस खात्यात थोडे पैसे टाकतो, चुकून आले म्हणून परत मागतो आणि सगळं खातं धुऊन नेतो, असल्या बातम्या त्या बाईने वाचल्याच असतील. तू जितका ओरडलास, तितकी तिची खात्री पटत गेली की हा चोरच आहे. बँकेत जाऊन विचारा, असं चोर कशाला सांगेल? तुझी भीती खरी आहे. पण पलीकडेही कुणी जीव मुठीत धरून बसलं असेल, हे तुझ्या ध्यानात आलं नाही. आधी तिला धीर द्यायला हवा होता.”

चार वाजले, सव्वाचार झाले. मोबाइलकडे पाहण्याचेही शिष्याला भय वाटू लागले.

साडेचारच्या सुमारास दूरच्या एका शाखेतून अधिकाऱ्याचा फोन आला. त्याने तक्रारीचा क्रमांक पडताळला, आणि पैसे परत केल्याचे सांगितले. मागोमाग एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, “तुमचे फोन आल्यापासून मी दाराला कडी लावून बसले होते हो. घरात एकटीच असते. रुपयाबरोबरचं वाचलं, तेव्हा कुठे शेजारणीला घेऊन बाहेर पडले. एवढे पैसे कशाचे होते?”

“आईच्या शस्त्रक्रियेचे,” शिष्य म्हणाला. “चुकलो, ताई. फार ओरडलो तुम्हाला.”

“असू दे. आधी त्यांचे पैसे भरा.”

या वेळी त्याने आत्याला फोन करून नंबर पडताळला, मगच पैसे पाठवले. पाचला दहा मिनिटे कमी असताना तिने ते रुग्णालयात भरले. शिष्याने मोबाइल खाली ठेवला.

“भीती गेली, गुरुजी.”

“तिची आधी गेली, म्हणून,” वैद्य म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावले.