झाकणांची अदलाबदल

एकदा एका गावच्या शाळेत एक म्हातारे गुरुजी होते आणि त्यांचा एक शिष्य होता. शिष्य आता त्याच शाळेत मास्तर झाला होता, म्हणजे कपाळाला आठ्या घालायला शिकला होता.

दिवाळीत मुलांनी घरून फराळाचे डबे आणावेत आणि ते अडल्यानडल्या घरी पोचवावेत, अशी शाळेची रीत. रीत चांगलीच, पण डब्यावर आणि झाकणावर देणारीचं नाव कोरलेलं. गेल्या साली शेठाणीचा डबा शाळेतल्याच येसूच्या घरी गेला, आणि शेठाणीचा लेक भर वर्गात ओरडला, "येसूनं आमच्या चकल्या खाल्ल्या!" यंदा तर येसूचा बाप रंगकामाच्या शिडीवरून पडून पाय मोडून बसलेला. घरात मूठभर बेसन नाही. तरी तिची आई गिरजा म्हणाली, "मास्तर, कुणाच्या नावाचा डबा दारात आला, तर माझी पोर शाळेत यायची नाही."

शिष्य रडकुंडीला आला. "गुरुजी, द्यावं तर पोरीची शाळा सुटते, न द्यावं तर घर उपाशी."

गुरुजी म्हणाले, "घरटी एक डबा मागव. रिकामा असला तरी चालेल. झाकण मात्र हवंच."

डबे आले. गावात भांड्यांचं दुकान एकच, म्हणून सगळे एकाच मापाचे. गुरुजींनी सारा फराळ धुतल्या धोतरावर ओतून एक केला, ज्याचा त्याचा डबा पुन्हा भरला, अडलेल्यांचे जरा दाबून. आणि झाकणं? याचं त्याला, त्याचं याला!

"गुरुजी, बायका जीव घेतील!"

"तुझा घेतील. वाटायला तूच जाणार आहेस."

बाईमाणूस एक वेळ नवऱ्याला विसरेल, झाकणाला नाही. तासाभरात सारा गाव रस्त्यावर! शिष्य गुरुजींच्या दाराआड लपला. समोरच गिरजाचं घर. तो उंबरा कधी न चढलेली शेठाणी घामाघूम होऊन तिथं पोचली.

"गिरजाबाई, माझं झाकण तुमच्याकडे आलंय का हो?"

"आलंय. आधी बसा, पाणी घ्या. अहो, किती दमलात!"

शेठाणी बसली ती उठेचना.

"असं का केलंत?" शिष्यानं हळूच विचारलं.

गुरुजी म्हणाले, "बाळा, फराळानं पोट भरतं. पण देणारी आपलं नाव पाठवून घरी बसते, आणि घेणारी ते नाव पदराआड लपवते. आज साऱ्याजणी एकमेकींच्या दारात मागायला उभ्या आहेत. यात दाता कोण आणि याचक कोण, दाखव बघू."

शिष्याच्या आठ्या विरल्या.

पलीकडे शेठाणी सांगत होती, "काट्यावर बसायला दुकानात माणूस हवाय बाई. आमचे हे बसतात कुठे? गप्पांना उठले की जेवायलाच उगवतात! तुमच्या मालकांना पाठवता का?"

दिवाळी सरली. येसूचा बाप काट्यावर बसला, येसू वर्गात बसली, त्या घरची चूल दोन्ही वेळा पेटू लागली. त्यांची पेटली, तशी साऱ्यांची पेटो.