जांभळीवरच्या फुटक्या घंटा

डोंगराच्या पायथ्याशी ओतारआळी नावाची एक वस्ती होती. तिथले आबाजी ओतारी देवळांच्या घंटा ओतत. त्यांच्या हाताखाली दोघं शिकत होती. हैबतीला शिकायला लागून नऊ वर्षं झाली होती, तर आबाजींची भाची साळू हिला जेमतेम तीन. शिकणाऱ्यांनी बैलांच्या गळ्यातल्या लहान घंटा ओतायच्या आणि देवळाच्या घंटेला बारा वर्षं हात लावायचा नाही, अशी तिथली रीत. पण साळूला एवढा दम कुठला! तिला मोठी घंटा ओतायचीच होती, आणि तीही लवकर.

आळीत आणखी एक रीत होती. घंटेला तडा गेला, की कुणी बघायच्या आत ती गुपचूप वितळवून टाकायची. हैबती यात भलताच पटाईत. त्याची फुटकी घंटा कधी कुणाच्या नजरेस पडली नाही.

साळू मात्र आपली फुटकी घंटा घेऊन थेट मामांपुढे उभी राही. ही का फुटली, हे कळेपर्यंत जागची हलत नसे. मग ती घंटा परसातल्या जांभळीला टांगून ठेवी. तीन वर्षांत सतरा घंटा लटकल्या. येणारेजाणारे हसत. हैबती तर म्हणे, बाईसाहेबांनी आपल्या फजितीचं तोरणच बांधलंय. साळूला लागे, डोळ्यांत पाणीही येई. पण घंटा काही तिने उतरवल्या नाहीत. रोज सकाळी ती एकेक वाजवून बघे.

पुढे आबाजींचा हात थरथरू लागला. त्यातच गावदेवीच्या घंटेचं काम आलं. जो ती ओतेल, तोच पुढे भट्टी चालवील, असं त्यांनी सांगून टाकलं. बारा वर्षांची रीत मोडावीच लागणार होती; पण मान जुन्या शिष्याचा, म्हणून धातू ओतायची पळी हैबतीच्या हाती गेली.

धातू रसरसला. सारी आळी भोवती जमली. साळूने सवयीने मातीच्या साच्यावर बोटं वाजवली आणि ती चपापली.

"मामा, साचा आत ओला आहे."

"चांगला वाळलाय की," हैबती फणकारला. "हात लावून बघा."

साळू धावत परसात गेली आणि जांभळीवरची चौथी घंटा घेऊन आली. त्या घंटेच्या अंगभर बारीक भोकं होती. हिचा साचाही बाहेरून कोरडा होता, पण वाजवल्यावर असाच बद्द बोलला होता, असं तिने सांगितलं. तेव्हा आतल्या ओलीची वाफ होऊन मूठभर धातू उडाला होता. इथे तर मणभर होता, आणि भोवती माणसं.

आबाजींनी साच्याला बारीक भोक पाडून काडी आत घातली. काडी ओली बाहेर आली. हैबतीचा चेहरा पांढराफटक पडला.

भोक बुजवून साचा आणखी दोन दिवस भाजला. मग आबाजींनी पळी साळूच्या हाती दिली. तिने धार तुटू दिली नाही. घंटा अशी खणखणली, की आबाजींनी डोळे पुसले.

हैबती म्हणाला, "नऊ वर्षं राबलो मी. ही तीन वर्षांत पुढे गेली?"

"तुझ्याही घंटा फुटल्याच असतील ना?" आबाजींनी विचारलं. "कुठे आहेत त्या?"

महिन्याभराने जांभळीवर अठरावी फुटकी घंटा दिसली. ती साळूची नव्हती.

तात्पर्य: जो आपली चूक झाकतो तो वर्षं मोजत बसतो, जो ती उघडी मांडून तिचं कारण शोधतो तो लवकर शिकतो आणि लवकर पुढे जातो.